उजव्या बाजूचे चार दिवे

आमच्या घराबाहेर आता पाच कायमस्वरूपी दिवे आहेत. पाचही चुकीच्या जागी आहेत, आणि त्यातला एकही मी कुणाला हलवू देणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण संध्याकाळी गल्लीतून जाणारे लोक थांबतात, मान तिरकी करून बघतात आणि मला विचारतात, "अहो, हे पायऱ्यांच्या बाजूला नको होते का?" आतापर्यंत एकोणचाळीस जणांनी विचारलंय. मी मोजतो. नोंद ठेवणं हा माझा पेशाच आहे. एका मोठ्या कचेरीच्या अभिलेख विभागात बत्तीस वर्षं काढली, पण माझ्या टेबलावरून आजवर एक कागद गहाळ झालेला नाही. हे मी अभिमानाने सांगतो, आणि आमच्या घरी ते सगळे निमूटपणे ऐकतात.

तर आमचं घर गल्लीपासून चांगलं पुरुषभर उंचीवर आहे. व्हरांड्याच्या एका टोकाला खाली उतरायला आठ पायऱ्या, आणि दुसऱ्या टोकाला शेजारच्या भिंतीलगत एक उतार. उतार स्कूटर चढवायला केला होता. स्कूटर विकली, उतार राहिला. पायऱ्या मात्र माझं खास काम. दोन वर्षांपूर्वी दुकानोदुकानी हिंडून मी त्यांच्यासाठी काळा, पॉलिश केलेला दगड निवडला होता. गवंडी म्हणत होता, "साहेब, बाहेरच्या पायरीला खरखरीत बरा." मी म्हटलं, "तू बसव." त्या पायऱ्यांत तोंड दिसतं हो! पाहुणा आला की मी त्याला आधी पायऱ्या दाखवायचो आणि मग पाणी विचारायचो.

सहा महिन्यांपूर्वी आई त्याच पायऱ्यांवरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. मी तेव्हा कचेरीच्या कामासाठी दोन दिवस परगावी होतो. परत येऊन बघतो तर हात प्लास्टरमध्ये.

"कशी काय पडलीस?"

"अंधार झाला होता रे. दिसलं नाही."

पुढे प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण आईचं संध्याकाळी बाहेर पडणं बंद झालं ते झालंच. आता यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. त्याला आमच्या समोरच्या टायपिस्टबाई माहीत नाहीत. दिवसभर त्यांच्या पुढच्या खोलीत टायपिंगचे वर्ग चालतात. साडेसहाला शेवटची तुकडी गेली की यंत्रांवर कापडं पडतात, टेबलं भिंतीला सरकतात, आणि चार बायका रमी खेळायला बसतात. टायपिस्टबाई, त्यांची धाकटी बहीण, एक निवृत्त नर्स आणि आमची आई. अकरा वर्षं, रोज. आईला औषधाची वेळ आठवत नाही, पण मागच्या मंगळवारी तिसऱ्या डावात कुणी कोणती राणी दाबून ठेवली होती ते आठवतं.

डाव आमच्याकडे हलवावा म्हटलं, तर टायपिस्टबाईंचे गुडघे आठ पायऱ्या चढायच्या लायकीचे राहिलेले नाहीत. मी आईला म्हटलं, "मी सोडतो तुला रोज." ती म्हणाली, "नको रे, मलाच आता कंटाळा येतो पत्त्यांचा." आणि साडेसहा वाजले की जेवणाच्या टेबलावर एकटीच पत्ते मांडून बसायची. समोरच्या खिडकीतून हसण्याचा आवाज आला की पत्ता हातात तसाच धरून थांबायची. मला ते बघवेना.

त्यातच टायपिस्टबाईंचा निरोप आला. तिघींत डाव रंगत नाही. महिनाअखेरपर्यंत वाट बघू, नाही तर कोपऱ्यावरचे निवृत्त कंपाउंडर बसायला तयार आहेत.

"घेऊ द्या त्यांना," आई म्हणाली. "चांगले आहेत बिचारे. फक्त पत्ता वाटताना बोट चाटतात."

एवढं म्हणून ती उठून आत गेली. त्याच क्षणी मी ठरवलं, की पायऱ्यांवर दिवे लावायचे. तात्पुरते, हलणारे, वायर लोंबणारे नाहीत. कायमस्वरूपी. आणि आठ दिवसांत. आईला तसा शब्दच दिला.

"आईंना विचारलंत का, दिवे कुठे हवेत ते?" बायकोने विचारलं.

"यात विचारायचं काय? जिथे पडली तिथे."

तिने तोंड उघडलं, मिटलं आणि कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. तिच्या गप्प बसण्याला मी संमती समजलो. आमच्या कचेरीत तशीच पद्धत आहे.

आता घराबाहेर दिवा लावायचा म्हणजे गोष्ट गुप्त राहत नाही. मी दोरी घेऊन भिंतीचं माप काढतोय तोवर शेजारचे वकीलसाहेब त्यांच्या भिंतीवर कोपर टेकून हजर. त्यांनी वकिली किती केली हे कुणालाच ठाऊक नाही, पण बोलतात ते असं, की ऐकणाऱ्याला आपल्यावर काहीतरी शाबीत होतंय असं वाटावं.

"दिवे का?"

"दिवे."

"उताराकडे टाका हो चांगले दोन-तीन. तिकडे फार काळोख असतो."

मी मनातल्या मनात हसलो. त्या उतारालगत, भिंतीच्या पलीकडे, त्यांची कपडे वाळत घालायची दोरी आहे. म्हणजे दिवे माझे, वीज माझी, आणि उजेडात बनियन यांचे! "बघू," म्हटलं. वकीलसाहेबांना मी ओळखून होतो. याच उताराच्या पायथ्याशी ते वर्षानुवर्षं स्वतःची स्कूटर लावायचे. मी त्यांना चार पत्रं लिहिली होती, जावक क्रमांक घालून. पाचवं लिहिणार एवढ्यात एके दिवशी स्कूटर तिथून हलली ती कायमची. लेखी पाठपुराव्यात केवढी ताकद असते बघा.

ते मात्र पुढे रोजच सांगू लागले. सकाळी वर्तमानपत्र घेताना, "उताराचं काय ठरलं?" संध्याकाळी, "मावशी बऱ्या आहेत ना? उताराकडे एखादा तरी टाका." चिकाटी तरी केवढी!

दिव्यांच्या दुकानात बायकोला घेऊन गेलो. तिथल्या विक्रेत्या बाईंनी विचारलं, "वॉर्म की कूल?" मला वाटलं, प्यायला काहीतरी विचारतायत. मी म्हटलं, "साधं पाणी चालेल." बायकोने माझ्या कोपराला चिमटा काढला. मग बाईंनी समजावलं, की पिवळसर उजेड वॉर्म, पांढराफेक तो कूल. भिंतीवरचा वेगळा, पायरीलगतचा वेगळा, झाडामागून वर फेकायचा वेगळा, आणि माणूस आला की आपोआप पेटणारा वेगळा. शेवटचा मला पसंत पडला होता. पण बायको म्हणाली, "आपल्या गल्लीत माणसांपेक्षा मांजरं जास्त आहेत. रात्रभर घर डोळे मिचकावत बसेल." त्या दुकानात दोनशे दिवे एकदम पेटलेले होते. त्यामुळे जो लावून दाखवावा तो लागला की नाही हेच कळत नव्हतं. दीड तासाने मी चार जोरकस पांढरे दिवे घेतले पायऱ्यांसाठी, आणि एक मंद पिवळा, शोभेचा, दुसऱ्या टोकाला. त्या मंद दिव्यामागे वकीलसाहेबांच्या बनियनांचा विचार नव्हता, असं मी म्हणणार नाही.

इथवर चारच दिवस झाले होते. मी खुशीत होतो. मग कळलं, की गल्लीच्या बाजूला दिवा लावायचा तर नगर कार्यालयाचा परवाना लागतो.

खिडकीत एक बाई बसल्या होत्या. चष्मा साखळीने गळ्यात, चेहरा शांत, समोर कागदांचा नीट रचलेला गठ्ठा. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

"तात्पुरते की कायमस्वरूपी?" त्यांनी विचारलं.

"कायमस्वरूपी," मी ऐटीत म्हणालो.

"मग हा नमुना भरा," असं म्हणून त्यांनी मला कायमस्वरूपी बांधकामाचा अर्ज दिला. अकरा पानी.

मी तो रात्री बसून भरला. दिव्यांच्या बांधकामाचा पाया किती खोल? मजले किती? जिने किती? शौचालयांची संख्या? प्रत्येक ठिकाणी मी सुवाच्य अक्षरात 'लागू नाही' लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी तो परत केला.

"संख्येच्या रकान्यात संख्या लागते."

"पण बाई, दिव्याला शौचालय कसं असेल?"

"मग शून्य लिहा."

एखाद्याने यावर हुज्जत घातली असती. मी नाही. मी स्वतः बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज याच कारणाने परत केले आहेत. पाचही दिव्यांपुढे मी पाच वेळा शून्य लिहिलं आणि त्या बाईंबद्दल माझ्या मनात आदर दाटून आला.

पुढच्या फेरीला नकाशा मागितला आणि त्याखाली प्रत्येक दिव्याच्या जागेचा तक्ता. मी लिहिलं होतं, 'दिवा क्रमांक एक ते चार, पायऱ्यांलगत.' बाईंनी पेन्सिलीने 'पायऱ्या' शब्दाभोवती गोल काढला.

"पायऱ्यांचा परवाना जोडा."

मी तक्ता हळूच माझ्याकडे ओढला. पायऱ्या हौसेने केल्या होत्या. परवान्याने नव्हे.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं असावं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "पायऱ्या लिहूच नका. नुसती बाजू लिहा. डावी, उजवी." देव त्यांचं भलं करो.

मी घरी आलो, व्हरांड्यात माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसलो आणि तक्ता नव्याने केला. खुर्चीतून गल्लीकडे बघितलं की पायऱ्या माझ्या उजव्या हाताला. लिहिलं, 'दिवा क्रमांक एक ते चार, उजवी बाजू. दिवा क्रमांक पाच, डावी बाजू.' नकाशाची चौकट आखली, त्यावर 'उजवी', 'डावी' एवढंच घातलं. तीन प्रती केल्या. आई, बायको आणि मी, तिघांच्या सह्या घेतल्या. आईने सही करताना कागद बराच वेळ बघितला. माझ्याकडे बघितलं. आणि सही केली.

परवाना आला तेव्हा महिना संपायला सहा दिवस उरले होते.

मग वायरमन. चांगला, मितभाषी माणूस, कानामागे पेन्सिल. मी त्याला नकाशाची प्रत दिली आणि तिच्या तळाशी लाल शाईने लिहिलेली ओळ मोठ्याने वाचून दाखवली: 'काम कागदात लिहिल्याप्रमाणेच करावे. तोंडी सूचना ग्राह्य धरल्या जाणार नाहीत.'

"समजलं?"

"समजलं साहेब. पण एक—"

"पण नाही. जे विचारायचं ते लेखी."

नेमकी त्याच आठवड्यात आमच्या कचेरीची वार्षिक तपासणी निघाली. मी उजाडायच्या आत निघायचो आणि काळोख पडल्यावर परतायचो. दिवसभर वायरमन काम करत होता आणि आई त्याला चहा देत होती. पहिले दोन दिवस नळ्या, वायरी, भोकं. तिसऱ्या दिवशी दिवे बसणार, आणि संध्याकाळी सात वाजता मी स्वतः येऊन बटण दाबणार. तो महिन्याचा शेवटचा दिवस होता. मी टायपिस्टबाईंना तशी चिठ्ठी पाठवली होती.

मी आलो तेव्हा चांगलाच अंधार होता. पायऱ्या चढताना भिंतीवर एकही दिवा दिसला नाही. मनात म्हटलं, वा! काय सफाईने बसवलेत, दिसतसुद्धा नाहीत!

व्हरांड्यात आई, बायको. खाली गल्लीत वायरमन आणि वकीलसाहेब, समोरच्या दारात टायपिस्टबाई आणि त्यांच्या मागे दोघी. मी फाइल काखेत मारली, दोन शब्द बोललो, म्हणजे साधारण सात मिनिटं, आणि बटण दाबलं.

पायऱ्यांवर एक मंद, पिवळट ठिपका उमटला. त्यात पहिली पायरीसुद्धा धड दिसत नव्हती. आणि दुसऱ्या टोकाला जो काही लखलखाट झाला म्हणता! तो रिकामा, कुणाच्या उपयोगाचा नसलेला उतार अगदी लग्नाच्या मांडवासारखा उजळला. त्यातला प्रत्येक खडा दिसत होता. भिंतीवरची मुंगी दिसत होती. दोरीवर ओळीने वकीलसाहेबांचे सहा बनियन दिसत होते, त्यातल्या चौथ्याला पडलेल्या भोकासकट.

"आक्षेप आहे!" वकीलसाहेब डोळ्यांवर हात घेऊन ओरडले.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "अरे, हे काय करून ठेवलंस?" मी वायरमनवर गरजलो. "उजवी बाजू म्हटलं होतं ना?"

"हीच की उजवी, साहेब," तो गल्लीत उभा राहून, घराकडे तोंड करून, उजवा हात वर करत म्हणाला.

मी व्हरांड्यात उभा राहून, गल्लीकडे तोंड करून, माझा उजवा हात वर केला. दोघांचे हात दोन दिशांना. मी वळून घराकडे तोंड केलं, माझा हात त्याच्या बाजूला गेला. पुन्हा वळलो, परत आला. तिसऱ्यांदा वळलो तेव्हा समोरच्या दारातून कुणीतरी खुदकन हसलं.

माझ्या सगळं लक्षात आलं होतं. पण माणसाला असं जागच्या जागी कबूल करता येत नाही. "थांब, कागदच दाखवतो," असं म्हणून मी फाइल उघडत तावातावाने पायऱ्यांवरून खाली निघालो.

तिसऱ्या पायरीवर माझा पाय माझ्या आधी पुढे गेला. उरलेल्या पाच पायऱ्या मी बसून उतरलो, एक, दोन, तीन, चार, पाच, प्रत्येकीवर वेगळा दणका देत. कागद गल्लीभर उडाले. परवाना वकीलसाहेबांच्या चपलेपाशी जाऊन पडला.

सगळे धावले. मी हात वर करून त्यांना थोपवलं आणि आहे त्याच आसनात, शक्य तेवढ्या रुबाबात म्हणालो, "अंधारामुळे. अंधारामुळे झालं हे. म्हणूनच तर दिवे लावतोय ना!"

बायकोने वकीलसाहेबांकडे बघितलं. वकीलसाहेबांनी वायरमनकडे. वायरमन पेन्सिल कानामागून काढून पुन्हा कानामागे ठेवू लागला. मग वरून, व्हरांड्यातून, आईचा आवाज आला.

"लागलं का रे फार?"

"नाही."

"मी पडले तेव्हा उजेड होता, बाळा. दुपारचे चार वाजले होते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी बसलो होतो त्या पायरीवर हात फिरवला. काचेसारखी गार, गुळगुळीत. त्या मंद पिवळ्या उजेडात तिच्यात माझं तोंडही दिसत होतं. बघवत नव्हतं ते.

"मग अंधार होता असं का सांगितलंस?"

"तू किती हौसेने बसवल्या होत्यास. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतास. म्हटलं, हात काय, बरा होईल. याला कशाला सांगायचं? तेव्हापासून मी पायऱ्यांवर पाऊलच टाकत नाही. तू कचेरीत गेलास की दिवसा उतारावरून जाते-येते, भिंतीला धरून. संध्याकाळी तिकडे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही, म्हणून पत्ते सुटले. बाकी काही नाही."

"तुला माहीत होतं?" मी बायकोला विचारलं.

"सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "आईंनी शपथ घातली होती. उतारावरच्या कुंड्या मी उगाच नव्हत्या हलवल्या."

"आणि माझी स्कूटर काय तुमच्या पत्रांना घाबरून हलली वाटतं?" वकीलसाहेब परवाना उचलून झटकत म्हणाले. "मावशींना वळायला जागा पुरत नव्हती. आता ती मी मागच्या गल्लीत लावतो, रोज वळसा घालून येतो. तुम्हाला रोज सांगत होतो ना, उताराकडे टाका, उताराकडे टाका! शपथेत बसेल तेवढं सगळं बोलून झालं होतं माझं."

वायरमन घसा खाकरून म्हणाला, "साहेब, मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. चार मोठे दिवे आणि पायऱ्या सोडून उताराला? तुम्ही लेखीच विचार म्हणालात. म्हणून मग चहाच्या वेळी आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, कागदात आहे तसंच लाव बाबा, तो कागदाबाहेरचं ऐकत नाही."

बत्तीस वर्षं मी समजत होतो, की घर माझ्या डोक्याने चाललंय. आणि इथे एक म्हातारी मोडलेलं मनगट गळ्यात अडकवून माझ्या दगडाची अब्रू राखत होती. माझी बायको कुंड्या उचलत होती. ज्या माणसाला मी चार पत्रं लिहिली, तो रोज वळसा घालून घरी येत होता. त्यातल्या एकानेही मला तोंडावर 'मूर्ख' म्हटलं नव्हतं. म्हणायची सोय असताना, कारण असताना, अगदी पुरावा असताना! मला लाज वाटली, खूप वाटली. पण खरं सांगतो, लाजेपेक्षा जास्त काहीतरी बरं वाटत होतं. एवढी माणसं आपल्यासाठी गप्प बसतात, म्हणजे आपण अगदीच फुकट गेलेलो नाही.

"वकीलसाहेब," मी म्हणालो. पुढचे शब्द जरा ओढूनच काढले. असले शब्द माझ्या सवयीचे नाहीत. "आभारी आहे."

ते क्षणभर गडबडले. मग म्हणाले, "ते दिवे जरा खाली वळवून घ्या म्हणजे आक्षेप मागे घेतो." वायरमनने तिथल्या तिथे चारही दिवे मुरगाळून खाली केले. बनियन अंधारात गेले, उतार आणखी उजळला.

तेवढ्यात समोरून टायपिस्टबाईंची हाक आली, "अहो, दिवे लागले ना? मग येताय, की कंपाउंडरांना बोलावू?"

"आले, आले!" आई म्हणाली. आत गेली, चष्म्याची डबी आणि पत्त्यांचा जोड घेऊन बाहेर आली, पदर खोचला, आणि उतारावरून निघाली. भिंतीला हात न लावता. चार महिने जी बाई घरात पाय ओढत चालत होती ती ही, यावर माझा विश्वास बसेना. माझ्याजवळून जाताना तिने माझ्या डोक्यावर एक टपली मारली आणि गल्ली ओलांडून गेली. समोरचं दार लागलं. पाचच मिनिटांत आतून असा गलका उठला, की राणी दाबून ठेवणारी बहुधा त्याच डावात सापडली असावी.

मला बायकोने आणि वकीलसाहेबांनी दोन बाजूंनी धरून उतारावरून वर नेलं. गरम पाण्याची पिशवी पाठीमागे घेऊन मी व्हरांड्यात बसलो. वकीलसाहेबही बसले. बायकोने तिघांसाठी चहा टाकला. आम्ही त्या उजेडाकडे बघत तो संपवला. पुढच्या आठवड्यात गवंडी आला, आणि त्याने पायऱ्या छिन्नीने खरखरीत करून दिल्या. तोंड आता दिसत नाही त्यांत. तो एका शब्दानेही 'मी म्हणालो होतो' म्हणाला नाही. पण दिवे पायऱ्यांकडे हलवायचे का, असं त्याने विचारलं तेव्हा मी त्याला जवळजवळ हाकललंच.

दिवे लागले त्याच रात्री नऊच्या सुमारास समोरचं दार उघडलं. आई बाहेर आली, गल्ली ओलांडली आणि उतार चढू लागली. झपझप. पायाखाली बघतही नव्हती. वर पोचल्यावर मला बघून थांबली.

"अजून बाहेर बसलायस?"

"तुझी वाट बघत होतो. म्हटलं, नीट येतेस की नाही."

"न यायला काय झालं?" ती म्हणाली. "एवढा उजेड केलायस माझ्यासाठी."

आणि चपला काढून आत गेली.

तो उजेड मी केला नव्हता. माझ्या हातून झाला होता, तोही चुकून, आणि चूक दुरुस्त करायची नाही असं बाकीच्यांनी ठरवलं म्हणून. हे मला माहीत होतं आणि तिला तर माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी ती 'केलायस' म्हणाली. आणि मी एरवी चुकीची नोंद एक दिवस चालवून घेत नाही, पण ही मी तशीच राहू दिली.